टीसीबीएस अगार पावडर: मोजणीला दहापैकी आठ, निदानाला दोन

कोळंबीचं तळं असो, बीज काढणारी हॅचरी असो की खाडीतले जिताड्याचे पिंजरे, व्हायब्रिओचा, म्हणजे कोळंबी-मासे आजारी पाडू शकणाऱ्या खाऱ्या पाण्यातल्या जिवाणूंचा, विषय निघाला की टीसीबीएसच्या डब्याचं नाव निघतंच. पूर्ण नाव थायोसल्फेट सायट्रेट बाइल सॉल्ट्स सुक्रोज अगार. पावडर पाण्यात उकळायची, पेट्री प्लेटमध्ये ओतायची, गोठली की तिच्यावर तळ्याचं पाणी पसरायचं आणि दुसऱ्या दिवशी उगवलेल्या कॉलन्या रंगानुसार मोजायच्या. भारतात हायमीडियापासून ऑक्सॉइडपर्यंत बऱ्याच कंपन्यांची मिळते. घटक जवळपास तेच, प्रमाणात किरकोळ फरक.

पावडर चांगली आहे, स्वस्त पडते आणि नीट वापरली तर तळ्यावर काय शिजतंय ते दोन-चार दिवस आधी कळतं. तिच्या भरवशावर रोगाचं नाव ठरवायला गेलात तर मात्र फसाल. बाजारात ही पावडर बहुतेक वेळा त्या दुसऱ्याच कामासाठी खपवली जाते, म्हणून हे जरा सविस्तर.

डब्यात काय असतं

एका लिटरमागे पेप्टोन १० ग्रॅम, यीस्ट एक्स्ट्रॅक्ट ५, सोडियम सायट्रेट १०, सोडियम थायोसल्फेट १०, पित्तक्षार मिळून ८, साखर म्हणजे सुक्रोज २०, मीठ १०, फेरिक सायट्रेट १, अगार १४ ते १५ आणि ब्रोमोथायमॉल ब्लू व थायमॉल ब्लू हे दोन रंग प्रत्येकी ०.०४ ग्रॅम. तयार माध्यमाचा सामू ८.६. इतक्या अल्कधर्मी, पित्तयुक्त जेवणावर बहुतेक जंतूंचं काही चालत नाही, व्हायब्रिओंचं चालतं. जो जंतू सुक्रोज आंबवतो तो आम्ल सोडतो, रंग बदलतो आणि कॉलनी पिवळी दिसते. ज्याला सुक्रोज वापरता येत नाही तो पेप्टोनवर जगतो आणि कॉलनी हिरवी राहते. पिवळ्या-हिरव्याचा सगळा खेळ एवढाच. कोण मारतो आणि कोण मारत नाही, याच्याशी या साखरेचा काही संबंध नाही.

ही पावडर मुळात माणसांच्या आजारासाठी बनली. १९५० मध्ये ओसाकात शिरासू हे बारीक सुकवलेले मासे खाऊन २७२ माणसं आजारी पडली, २० दगावली आणि फुजिनो यांनी त्यातून व्हायब्रिओ पॅराहिमोलिटिकस शोधला. पुढे नाकानिशींच्या माध्यमात सुधारणा करून कोबायाशी व सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये टीसीबीएस मांडलं. म्हणून डब्यावर ३५ ते ३७ अंश तापमान लिहिलेलं असतं आणि मीठ फक्त १ टक्का असतं. तळ्यातल्या जंतूंना या दोन्ही गोष्टी तंतोतंत मानवतील असं नाही.

हिशेब

डब्यावरचं प्रमाण लिटरला ८८ किंवा ८९ ग्रॅमच्या आसपास असतं. आपल्या डब्यावर जे छापलंय तेच घ्या, दुसऱ्या कंपनीचा आकडा वापरू नका. ५०० ग्रॅममध्ये साधारण ५.६ लिटर माध्यम होतं. ९० मिमीच्या प्लेटला २० मिली धरले तर २८० प्लेट. काही जण १५ मिली ओतून ३७० च्या वर प्लेट काढतात, पण पातळ थर इन्क्युबेशनमध्ये, म्हणजे जंतू वाढायला ठेवल्यावर, सुकतो, कडेने उचलला जातो आणि शेजारच्या कॉलनीचं आम्ल लांबवर पसरतं. इथे कंजूषी करू नये. एका वेळी २५० मिली करणं सोयीचं: २२.३ ग्रॅम पावडर, १२ प्लेट. त्यासाठी ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा पुरतो, चमच्याने अंदाज मात्र चालत नाही.

बनवताना

डिस्टिल्ड पाणीच घ्या. खाडीचं किंवा बोअरचं पाणी वापरल्यास मीठ आणि सामू दोन्ही बिघडतात. भांडं माध्यमाच्या तिप्पट मापाचं हवं, कारण पित्तक्षारांमुळे फेस येतो आणि मायक्रोवेव्हमध्ये तर तो क्षणात बाहेर येतो. आधी थोड्या थंड पाण्यात पावडर कालवा, मग उरलेलं पाणी घाला आणि मंद आचेवर सतत ढवळत उकळी आणा. तळाला लागलं की अगार करपतो आणि माध्यम तपकिरी पडतं. उकळी आल्यावर दाणे पूर्ण विरघळेपर्यंत मिनिटभर ठेवून उतरवा.

ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाच्या वाफेवर निर्जंतुक, करायचं नाही. हे डब्यावर ठळक छापलेलं असतं आणि तरीही लोक करतात, कारण बाकी प्रत्येक माध्यम ऑटोक्लेव्ह करायचं असंच शिकवलेलं असतं. १२१ अंशांवर साखर आणि बाकीचे घटक बिघडतात, सामू खाली येतो आणि प्लेटची निवडक्षमता जाते. मग नको ते जंतूही उगवतात किंवा हवे तेही उगवत नाहीत. या माध्यमाचा लहान केंद्राला मोठा फायदाच हा की प्लेट बनवायला ऑटोक्लेव्ह लागत नाही. पातळीकरणाच्या, म्हणजे नमुना पातळ करायच्या, नळ्या, पिपेटची टोकं आणि मिठाचं पाणी निर्जंतुक करायला घरचा प्रेशर कुकर चालतो: वाफ धरल्यावर आच कमी करून २० मिनिटं.

४५ ते ५० अंशांवर, म्हणजे भांडं हातात जेमतेम धरवेल तेव्हा, प्लेट ओता. फार गरम ओतलंत तर झाकणावर वाफ जमून थेंब पडतात आणि कॉलन्या एकमेकींत वाहतात. तयार प्लेट गडद निळसर-हिरवी आणि पारदर्शक दिसली पाहिजे. पिवळट दिसली तर ती बॅच टाकून द्या. उरलेलं गोठलेलं माध्यम पुन्हा वितळवून वापरू नका. प्लेट उलट्या, पिशवीत बंद करून फ्रिजमध्ये ठेवल्या तर आठवडाभर निर्धास्त वापरता येतात. वापरण्याआधी झाकण किंचित तिरकं ठेवून अर्धा तास वाळवाव्या लागतात. ओल्या प्लेटवर व्हायब्रिओ अल्जिनोलिटिकससारखा पसरट वाढणारा जंतू असला की मोजायला काही उरत नाही.

मिठाबद्दल मतभेद आहेत. १ टक्का मीठ बहुतेक व्हायब्रिओंना पुरतं, पण २५-३० पीपीटीच्या (लिटरला २५-३० ग्रॅम मिठाच्या) पाण्यातल्या नमुन्यासाठी काही प्रयोगशाळा लिटरला आणखी १० ग्रॅम शुद्ध सोडियम क्लोराइड घालतात. दोन्ही पद्धती चालतात. मात्र हंगामाच्या मध्यात एकीवरून दुसरीवर उडी मारलीत तर आधीचे आकडे आणि नंतरचे आकडे यांची तुलना संपली.

नमुना

इथेच निम्म्या चुका होतात. वाईट नमुन्यावर चांगली पावडर वाया जाते. निर्जंतुक बाटली पृष्ठभागाखाली वीतभर बुडवून उघडा, तिथेच बंद करा आणि वर थोडी हवा ठेवा. तळ्याच्या चार बाजूंचं पाणी एकत्र करा. एरेटरच्या अगदी जवळचं घेऊ नका. वेळ रोज एकच ठेवा, शक्यतो सकाळी खाद्य टाकण्याआधी. सकाळच्या आणि खाद्यानंतरच्या दुपारच्या नमुन्याची तुलना करून घबराट पसरवणारे बरेच आहेत.

बाटली थंड ठेवा, पण बर्फाला चिकटवू नका. अति थंडीत पॅराहिमोलिटिकस आणि व्हल्निफिकस हे व्हायब्रिओ अर्धमेले होतात आणि टीसीबीएससारख्या कडक माध्यमावर उगवायला नकार देतात. बर्फ आणि बाटलीमध्ये जाड कापड किंवा थर्मोकोल ठेवला तरी काम भागतं. चार-पाच तासांत प्लेटिंग व्हायला हवं. जिथे पाण्यात क्लोरीन आहे, म्हणजे साठवण तळ्याचं किंवा हॅचरीच्या टाकीचं पाणी, तिथे १२० मिलीच्या बाटलीत आधीच सोडियम थायोसल्फेटच्या १० टक्के द्रावणाचे ०.१ मिली टाकून ठेवा. नाहीतर वाटेत क्लोरीन जंतू मारत राहतो आणि प्लेट खोटी स्वच्छ दिसते.

पातळीकरण साध्या डिस्टिल्ड पाण्यात करू नका. समुद्री जंतू गोड्या पाण्यात पडला की फुटतो. लिटरला १५ ते ३० ग्रॅम शुद्ध मीठ, आयोडीनचं नको, अशा निर्जंतुक द्रावणाच्या ९ मिलीच्या नळ्या करा. एकीत १ मिली नमुना, नीट हलवून त्यातला १ मिली पुढच्या नळीत. प्रत्येक पायरीला पिपेटचं टोक बदला. वाढीच्या तळ्याच्या पाण्यासाठी मूळ नमुना आणि दहापट व शंभरपट पातळ अशा तीन पायऱ्या सहसा पुरतात. प्रत्येक पायरीच्या दोन प्लेट करा. एकाच प्लेटवरच्या आकड्याला काही अर्थ नसतो.

प्रत्येक प्लेटवर ०.१ मिली टाकून स्पिरिटमध्ये बुडवून ज्योतीवरून फिरवलेल्या, गार झालेल्या काचेच्या एल आकाराच्या दांड्याने पसरा. हिशेब असा: मूळ नमुन्याच्या प्लेटवर ४६ पिवळ्या आणि १२ हिरव्या आल्या, तर १० ने गुणून मिलीला ४६० आणि १२०. दहापट पातळ प्लेटवर ३८ आल्या, तर १० गुणिले १०, म्हणजे ३,८००. हा दुसरा १० विसरणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक आहे. तयार अहवाल हातात आला तरी प्लेटवर प्रत्यक्ष किती कॉलन्या होत्या आणि कितीपट पातळ केलं होतं, ते विचारा.

कोळंबीचा नमुना घ्यायचा असेल तर बीजासाठी १ ग्रॅम पीएल (पोस्ट लार्व्हा, म्हणजे कोळंबीची पिल्लं) जाळीवर निर्जंतुक मिठाच्या पाण्याने धुऊन ९ मिली द्रावणात चुरा, म्हणजे कवचाला चिकटलेलं पाणी मोजलं जात नाही. मोठ्या कोळंबीचं हेपॅटोपँक्रियाज (यकृतासारखी पचनग्रंथी) पाच नगांचं एकत्र करून तोललं की आकडा ग्रॅममागे येतो. रक्ताचा नमुना सगळ्यात बोलका: कातडी ७० टक्के स्पिरिटने पुसून इन्सुलिनच्या बारीक सुईने खालच्या बाजूने रक्त काढायचं आणि सरळ प्लेटवर पसरायचं. पाण्यात व्हायब्रिओ असणारच. रक्तात ते मोठ्या संख्येने दिसले की गोष्ट पाण्यापुरती राहिलेली नाही. जिताड्याच्या अंगावर व्रण असतील तर मूत्रपिंड आणि प्लीहा यांतून निर्जंतुक तारेचा लूप फिरवा, आणि टीसीबीएसबरोबर मीठ घातलेलं ट्रिप्टिक सोय अगार हे कमी कडक, साधं माध्यमही लावा. मासे मारणाऱ्या व्हायब्रिओ अँग्विलारमचे बरेच प्रकार टीसीबीएसवर नीट वाढत नाहीत. नुसत्या टीसीबीएसवर विसंबलात तर खरा गुन्हेगार प्लेटवर दिसणारच नाही.

वाचताना

डब्यावर ३७ अंश असलं तरी तळ्याच्या कामासाठी २८ ते ३० अंश योग्य. कोकण किनाऱ्यावर वर्षातला बराच काळ बंद खोलीचं तापमान याच्या आसपास असतं. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री ते घसरतं, तेव्हा थर्मोकोलच्या खोक्यात छोटा बल्ब आणि थर्मामीटर एवढी सोय पुरते. प्लेट उलट्या ठेवा.

१८ ते २४ तासांत मोजा. उशीर केलात तर चित्र बदलतं. साखर संपली की पिवळ्या कॉलन्यांचे जंतू पेप्टोनवर येतात, सामू परत चढतो आणि पिवळी कॉलनी हिरवट होऊ लागते. पिवळी प्लेट फ्रिजमध्ये ठेवून नंतर बघितली तरी हेच होतं. म्हणजे काल न मोजलेली प्लेट आज ‘हिरवं वाढलं’ असं खोटंच सांगते. उलट बाजूही आहे: प्लेटवर पिवळ्यांची दाटी झाली की त्यांचं आम्ल सगळीकडे पसरतं, पूर्ण प्लेट पिवळी होते आणि तिच्यात दडलेल्या हिरव्या दिसत नाहीत. ‘सगळं पिवळं, सगळं ठीक’ असा निकाल यातूनच निघतो. अशी प्लेट वाचायचीच नाही, तिच्या शंभरपट पातळ बहिणीकडे बघायचं.

मोजण्याजोगी प्लेट २५ ते २५० कॉलन्यांची. त्याखाली योगायोगाचा भाग फार असतो. १६ कॉलन्यांच्या जागी पुन्हा तोच नमुना लावला तर १० किंवा २२ सहज येतील. म्हणून हिरव्या १२ वरून १८ झाल्या म्हणून रात्री अकराला फोन करायचं कारण नाही. १२ च्या १२० झाल्या तर करा.

कॉलनीचा आकारही बघा. अल्जिनोलिटिकस मोठी, पिवळी, पसरट येते. पॅराहिमोलिटिकस हिरवी, मध्यभागी निळसर-हिरवा डोळा. टाचणीच्या टोकाएवढ्या बारीक पिवळ्या बहुधा एन्टेरोकॉकस, त्या व्हायब्रिओत धरू नका. काळा मध्य दिसला तर प्रोटियसची शंका घ्या, कारण थायोसल्फेट आणि लोहामुळे हायड्रोजन सल्फाइड सोडणारे जंतू काळे उठतात. एरोमोनास, श्यूवानेला, फोटोबॅक्टेरियमही कधीकधी वाढतात. कॉलनीवर जंतू ओळखायची ऑक्सिडेज चाचणी करायची असेल तर टीसीबीएसवरून थेट करू नका, आम्लामुळे निकाल फसवा येतो. आधी मीठ घातलेल्या साध्या अगारवर नेऊन वाढवा.

पिवळी चांगली, हिरवी वाईट?

तळ्यांवर सगळ्यात घट्ट रुजलेला समज हाच, आणि या पावडरची सगळ्यात मोठी बदनामीही यानेच केली आहे. हिरव्यात पॅराहिमोलिटिकस येतो आणि त्याच्या काही प्रकारांमुळे कोळंबीत एएचपीएनडी हा हेपॅटोपँक्रियाज झपाट्याने नासवणारा रोग होतो, एवढं खरं. पण तो रोग घडवतो जंतूच्या पोटातला सुमारे ७० हजार बेसजोड्यांचा एक प्लाझ्मिड, म्हणजे डीएनएचं सुटं कडं, ज्यावर पिरए आणि पिरबी या विषांचे जनुक बसलेले असतात. प्लाझ्मिड असलेला आणि नसलेला पॅराहिमोलिटिकस टीसीबीएसवर हुबेहूब सारखा दिसतो. ज्या तळ्यात मिलीला शेकडो हिरव्या आहेत तिथे कोळंबी ठणठणीत असू शकते. शिवाय तोच प्लाझ्मिड हार्वेयी, कॅम्पबेली आणि ओवेन्सी या दुसऱ्या व्हायब्रिओंमध्येही सापडला आहे, आणि हार्वेयीचे बरेच प्रकार सुक्रोज आंबवतात, म्हणजे प्लेटवर पिवळे दिसतात. हॅचरीत बीजाचे ढीग पाडणारा, अंधारात चमकणारा हार्वेयी तुमच्या ‘चांगल्या’ रकान्यात बसलेला असू शकतो. अल्जिनोलिटिकसही पिवळाच, आणि तोही बीज आणि मासे दोन्ही मारतो.

एएचपीएनडीची खरी शंका कोळंबी हातात घेतल्यावर येते: साठवणीनंतर साधारण पहिल्या ३०-३५ दिवसांत मर, फिकट आकसलेलं हेपॅटोपँक्रियाज, रिकामी आतडी, मऊ कवच. हा रोग २००९ मध्ये चीनमध्ये उद्भवला, पुढे व्हिएतनाम, मलेशिया, थायलंड आणि मेक्सिकोत पसरला, आणि २०१३ मध्ये अ‍ॅरिझोना विद्यापीठातल्या गटाने कारण जिवाणू असल्याचं दाखवलं. तोवर चार वर्षं गेली होती. आज त्यासाठी एपी-४ सारखी, विषाचे जनुकच शोधणारी पीसीआर चाचणी आहे. नमुना म्हणून पीएल किंवा कोळंबीचं पोट व हेपॅटोपँक्रियाज ९५ टक्के अल्कोहोलमध्ये पाठवता येतं. जंतू कमी असण्याची शक्यता असेल तर ताज्या नमुन्यातले जंतू आधी मिठाच्या ट्रिप्टिक सोय ब्रॉथमध्ये काही तास वाढवून मग पीसीआर केलेला बरा. टीसीबीएस इथे फक्त ‘आता पीसीआर करा’ एवढंच सांगू शकतं.

चमकण्यावरून आठवलं: कोकणातल्या किनाऱ्यांवर रात्री निळ्या लाटा दिसतात त्या बहुतेक वेळा नॉक्टिल्युका या प्लवकाच्या असतात, व्हायब्रिओच्या नव्हे. बिजाच्या टाकीत मात्र दिवे घालवल्यावर अळ्याच चमकताना दिसल्या तर हार्वेयी गटाचा संशय पक्का धरा. ती चमक टीसीबीएसवर नीट दिसत नाही. मीठ घातलेल्या न्यूट्रिएंट अगारवर किंवा मरीन अगारवर वाढवून अंधाऱ्या खोलीत डोळे सरावले की दिसते.

पाण्यात एकूण व्हायब्रिओ मिलीला १,००० च्या आत आणि हिरव्या १०० च्या आत, हा धंद्यात चालणारा ठोकताळा आहे. ठोकताळा म्हणून ठेवा, कायदा म्हणून नको. आपल्याच तळ्याचा दर आठवड्याचा आलेख त्याहून जास्त सांगतो. सगळ्या हंगामात ३,००० वर स्थिर राहिलेलं तळं चालतं, २०० वरून चार दिवसांत ४,००० वर गेलेलं तळं बघायला हवं.

बाटली विकणाऱ्यांची प्लेट

एक प्रयोग नेहमी दाखवला जातो. तळ्यात बाटलीतलं जंतुनाशक टाकायचं, सहा तासांनी प्लेट लावायची, आधीची भरलेली आणि नंतरची रिकामी शेजारी ठेवून फोटो काढायचा. प्लेट खरी असते, निष्कर्ष अर्धा असतो. जंतुनाशकाने जवळपास सगळेच जंतू मरतात, मेलेल्या प्लवकाचं आणि गाळाचं अन्न मोकळं होतं, आणि त्यावर सर्वांत आधी कोण वाढतं? पॅराहिमोलिटिकस अनुकूल स्थितीत सुमारे १० मिनिटांत दुप्पट होतो. तिसऱ्या दिवशीची प्लेट मागा. ती सहसा दाखवली जात नाही.

आकडा चढला तर आधी चेक ट्रे (खाद्य उरतंय का ते दाखवणारा, तळ्यात सोडलेला ट्रे) बघून खाद्य कमी करा, मधला गाळ काढा, रात्रीचा विरघळलेला प्राणवायू लिटरला ४ मिग्रॅच्या खाली जाऊ देऊ नका, आणि पाणी बदलायचंच तर साठवण तळ्यातलं प्रक्रिया केलेलं घाला. बॅसिलस (प्रोबायोटिक म्हणून विकले जाणारे जिवाणू) घालत असाल तर त्याचा परिणाम दोन-तीन दिवसांच्या प्लेटवर तपासा, त्याच दिवशी नाही. हिरवं दिसलं म्हणून अँटिबायोटिक आणायला धावू नका. क्लोरॅम्फेनिकॉल, नायट्रोफ्युरान यांवर मत्स्यशेतीत बंदी आहे आणि त्यांच्या अवशेषांवरून निर्यातीचा माल परत येतो.

दुसरे पर्याय

तयार ओतलेल्या टीसीबीएस प्लेट मिळतात. महिन्यातून एखाद-दोनदाच तपासणी करणाऱ्याला त्या बऱ्या, पण आयुष्य कमी आणि कुरियरच्या उन्हात घाम धरलेल्या येतात. आल्या आल्या झाकणाखालचं पाणी आणि कडा बघून घ्या. प्लेटमागे खर्च घरी ओतलेल्या प्लेटच्या कितीतरी पट.

क्रोमोजेनिक अगार, उदाहरणार्थ फ्रान्सचं क्रोमअगार व्हायब्रिओ, पॅराहिमोलिटिकसला जांभळट, व्हल्निफिकस व कॉलराच्या जंतूला निळसर-हिरवं आणि अल्जिनोलिटिकसला बिनरंगी दाखवतं. साखरेच्या आम्लावर ते अवलंबून नाही, त्यामुळे पिवळ्यांच्या गर्दीत हिरव्या हरवण्याची भानगड नाही. महाग आहे. कालवं किंवा तिसऱ्या (शिंपल्या) कच्च्या वा अर्ध्या शिजवलेल्या विकायच्या असतील, म्हणजे माणसाच्या पोटाचा प्रश्न असेल, तर पैसे इथे घालावेत. प्लाझ्मिडबद्दल मात्र तेही मुकंच.

साठवण आणि विल्हेवाट

ही पावडर पाणी ओढते. पावसाळ्यात कोकणात उघडा राहिलेला डबा आठवड्यात डिखळं धरतो. डिखळं झालेली पावडर तोलली की तिच्यात ओलही तोलली जाते, प्लेट मऊ होतात, रंग मळतो. डबा आला की कोरड्या दिवशी २२.३ ग्रॅमच्या छोट्या पुड्या झिपच्या पिशव्यांत भरून, सिलिका जेलसह हवाबंद बरणीत ठेवा. फ्रिजमध्ये ठेवली असेल तर बरणी खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडू नका.

कंपनीगणिक आणि एकाच कंपनीच्या लॉटगणिकही टीसीबीएसची पकड कमी-जास्त असते. नवीन डबा फोडला की जुन्या डब्याची एक पुडी राखून ठेवा आणि एकच नमुना दोन्हींवर लावा. सोय असेल तर प्रमाणित जंतू-संग्रहातला पॅराहिमोलिटिकस एटीसीसी १७८०२ हिरवा आणि अल्जिनोलिटिकस एटीसीसी १७७४९ पिवळा उगवतो का, आणि ई. कोलाय दबतो का, हे बघून घ्यावं. जवळ प्रयोगशाळा नसेल तर हे काम मत्स्य महाविद्यालयाकडून करून घेता येतं. रत्नागिरीत शिरगावला आहे.

वापरलेल्या प्लेट कचऱ्यात किंवा तळ्याच्या कडेला फेकू नका. तुम्ही मोजलेल्या जंतूंची त्यावर लाखोंनी शेती झालेली असते. कुकरमध्ये २० मिनिटं शिजवा (प्लास्टिक वितळतं, म्हणून आधी पिशवी आणि स्टीलचा डबा) किंवा ब्लीचिंगच्या तीव्र द्रावणात रात्रभर बुडवा. हातावर कोळंबीच्या काट्याची जखम असेल तर हातमोजे घाला. व्हल्निफिकस जखमेतून शिरतो, आणि यकृताचा आजार किंवा मधुमेह असलेल्या माणसाला तो फार महागात पडतो.

खरेदी: दोन-तीन तळी आणि आठवड्याला एक तपासणी असेल तर १०० ग्रॅमचा डबा घ्या, त्यात २० मिलीच्या साधारण ५६ प्लेट होतात. पाचशेचा डबा स्वस्त दिसतो, पण पावसाळ्यात अर्धा डिखळात जातो. हॅचरीने मात्र ५०० ग्रॅमचाच घ्यावा, आणि एकाच लॉटचे दोन. घेताना उत्पादनाची तारीख, लॉट क्रमांक आणि सील बघा. डबा हलवून पावडर खळखळते का ते ऐका. ढेकूळ आपटल्यासारखा आवाज आला तर दुकानातच परत करा.